डब्यातला मेपल

झाड आलं तेव्हा त्याला एकही पान नव्हतं. हातभर उंचीची काटकी, तिला चार फांद्या, आणि बुडाशी गोणपाटात बांधलेला मातीचा गड्डा. माझा धाकटा भाऊ मालवाहू बोटीवर खलाशी होता. जपानच्या फेरीवरून परतला तो हे काखेत मारून लालबागच्या आमच्या चाळीचे तीन जिने चढून आला. बाकीचे खलाशी नायलॉनच्या साड्या आणत, घड्याळं आणत.

"ह्या काय हाडलंस? चुलीत घालूक?" आईनं विचारलं.

"झाड आसा, आये. जिता आसा."

"जिता? मगे पानां खंय गेली?"

"थंडीत झडतत, मगे येतत. आनि फुडली थंडी इली की सगळी लाल होतत, कुंकवासारकी. मी बघलंय. रस्तेच्या रस्ते लाल."

आईनं काटकी बोटानं वाकवून पाहिली. मोडली नाही. मग तिनं रॉकेलचा रिकामा डबा काढला, खिळ्यानं त्याच्या बुडाला भोकं पाडली आणि वाडीतून आणलेल्या तांबड्या मातीचं गाठोडं सोडलं. ती माती तिनं तुळशीसाठी ठेवली होती. तुळशीला थांबावं लागलं.

भाऊ पंधरवडाभर घरी होता. त्याच दिवसांत, मुंबई मराठी राज्यात हवी म्हणून निघालेल्या मोर्चांवर गोळीबार झाला. मी तेव्हा परळच्या एका इस्पितळात नर्स होते, तिशीला टेकलेली, बिनलग्नाची. वॉर्डात खाटांच्या मधल्या जागेत खाली गाद्या टाकाव्या लागल्या. मी घरी यायची ती फक्त कपडे बदलायला. त्यामुळे भावाशी माझं त्या खेपेला धड बोलणंही झालं नाही. जायच्या दिवशी तो माझ्याबरोबर चिंचपोकळी स्टेशनपर्यंत चालत आला, एवढं आठवतं. रस्त्यावर विटांचे तुकडे पडलेले होते. तो म्हणाला, "ताय, आये झाडाक पाणी घालीत ऱ्हवतली, पण तू लक्ष ठेव. फुडच्या खेपेक लाल झालेला माका बघूचा आसा." मी बरं म्हटलं. तो त्याच्या वाटेनं गेला, मी ड्युटीवर गेले.

फाल्गुनात फांद्यांच्या टोकांना तांबूस कोंब आले, आणि चैत्र लागेतो पानं उघडली. हिरवी, पातळ, बाळाच्या पंजाएवढी, आणि पंजासारखीच बोटं फुटलेली. आई रोज सकाळी तुळशीला पाणी घातल्यावर त्याला घाली. तुळशीला ती हळदकुंकू वाहत असे. थोडं हात झटकल्यासारखं करून यालाही वाही. मी पाहिलं तर म्हणे, "बोटाक लागला होता."

पान कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. शेजारच्या काकींनी कठड्यावरून वाकून बघितलं आणि निकाल दिला. "भांग आहे गं ही. आमच्या गावात देवळामागे माजते. तुझ्या झिलानं भांग आणली जपानातून."

"माझो झील इडी पन ओढणा नाय," आई म्हणाली.

"तो नाय ओढत. झाड आणलंन तुमच्यासाठी."

काकी हसल्या, आईही हसली. पण 'भांगेचं झाड' हे नाव चाळीत राहिलं, आणि ते एक दिवस अंगाशी आलं. नाक्यावर मोर्चावर लाठी चालली होती, पोरं पळून आमच्या चाळीत शिरली होती, आणि पोलीस मजल्यामजल्यावर दारं ठोठावत होते. आमच्या खोलीत पलंगाखाली वाकून झाल्यावर हवालदाराची नजर गॅलरीतल्या डब्यावर गेली. त्यानं टोपी मागे सारली.

"हे काय लावलंय, बाई?"

"झाड."

"ते दिसतंय. गांजाय हा."

मी नुकतीच ड्युटीवरून आले होते. अंगावर युनिफॉर्म होता, पायांत बूट होते, आणि दोन दिवस झोप नव्हती. मी एक पान खुडलं, तळहातावर चुरडलं आणि हात त्याच्या नाकाखाली धरला. "वास येतो? गांजाचं पान चिकट लागतं, हाताला वास राहतो. हे हुंगा. गवत आहे नुसतं."

त्यानं हुंगलं. मग बरोबरच्या शिपायाला हुंगायला लावलं. शिपाई म्हणाला, "साबणाचा येतोय."

"तो माझ्या हाताचा," मी म्हटलं.

"मग कसलं झाड आहे?"

"जपानी."

"जपान्यांनी आमच्यावर बॉम्ब टाकायचेच तेवढे बाकी ठेवले होते," असं काहीतरी पुटपुटून ते जिना उतरून गेले. आई दाराआडून म्हणाली, "तेका तू पान कित्याक मोडून दिलंस? दुसरो खंयचो तरी पालो हुंगवचो."

हवालदाराला मी ठणकावून सांगितलं खरं, पण ते काय झाड आहे हे मलाही ठाऊक नव्हतं, आणि न कळता सांगणं माझ्या स्वभावात नाही. त्या सुमारास बायकांच्या वॉर्डात ठाकूरद्वारच्या एक बाई पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दाखल होत्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. टाके काढायच्या आदल्या दिवशी मी जोडपानांची एक डहाळी रुमालात गुंडाळून नेली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा मागितला. देठाशी पानं समोरासमोर आहेत हे बोटानं दाखवलं, पानाची बोटं मोजली, कडेची बारीक दातरी पाहिली. मग विचारलं, "हे कुठलं, सिस्टर?"

"घरचं. डब्यात आहे."

"घर कुठे?"

"लालबागला."

त्यांना हसू आलं आणि टाक्यांनी ते थांबवलं. "मेपल आहे. जपानी मेपल. मी फक्त चित्रांत पाहिलेला. एकदा सिमल्याला त्याचे मोठे भाऊबंद पाहिले."

"मराठीत काय म्हणतात?"

"काही नाही. कधी गरज पडली नाही, नाव कोण ठेवणार."

मी विचारलं, त्याला किती दिवस आहेत. हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी वॉर्डाच्या दारात विचारी, त्यामुळे तो माझ्या तोंडून बाहेर पडल्यावर मलाच कसंसं झालं. बाईंनी मात्र मी देते तसंच उत्तर दिलं, आडपडदा न ठेवता. या झाडाला थंडी लागते, थंडीत ते झोपतं. मुंबईत त्याला झोपच मिळणार नाही. अंगातल्या साठ्यावर वर्ष काढील, फार तर दोन. दुपारचं ऊन लागू देऊ नका, सकाळचं कोवळं पुरे. माती ओली ठेवा पण चिखल करू नका. गोडं पाणी. खारा वारा नको.

"आई म्हणते माडाला घालतो तसं मूठभर मीठ घालू बुंध्याशी."

"माडाला चालतं ते. माड समुद्राकाठी वाढलेला असतो. याला मीठ म्हणजे विष. साठासुद्धा जाईल."

घरी येऊन मी आईला दुपारचं ऊन, पाणी आणि मीठ एवढंच सांगितलं. दोन वर्षांचं नाही सांगितलं. गोणपाटाचा पडदा गॅलरीत पश्चिमेच्या बाजूला लावला, डबा विटेवर उचलून ठेवला. आईनं मिठाचं ऐकलं, पण तिला ते पटलं नाही. "बोटीतसून इला झाड. मिठाचो वारो खाऊनच इला."

त्या वर्षी थंडी पडली ती मुंबईची थंडी. पानं लाल झाली नाहीत. टोकं करपली, मग अख्खी पानं तपकिरी होऊन लोंबकळत राहिली. बर्फाची कल्पना माझी. गाडीवाल्याकडून भुशात गुंडाळलेली लादी आणायची, धुवून फोडायची आणि डब्याभोवती परातीत रचायची. चाळीतली पोरं परातीभोवती जमत आणि तुकडे पळवत. आई म्हणे, "तापाच्या मानसाच्या कपाळार ठेवतस तशी." खरं म्हणजे मी तेच करत होते. आठवडाभर केलं. बर्फ वितळे, पाणी आम्ही धुण्याला वापरत असू, झाड तसंच. तरी त्यानंतर पानं गळाली आणि फांद्या पहिल्यासारख्या उघड्या झाल्या, म्हणून मी स्वतःला सांगितलं की थोडंसं निजलं असावं.

भाऊ त्या थंडीत आला नाही. त्याची बोट दुसऱ्याच मार्गाला लागली होती. गावच्या एका खलाशाबरोबर निरोप आला, लाल झालं का. आईनं निरोप पाठवला, "होतला म्हणान सांग. सवड काढून ये म्हणान सांग."

दुसऱ्या चैत्रात पानं आली ती कमी, आणि लहान. आई फांद्यांवरून हात फिरवून ती मोजल्यासारखं करी आणि मोजणं सोडून देई. आमच्या समोरच्या चाळीतला एक मुलगा गोळीबारात गेला होता. त्याची तसबीर नाक्यावर लावलेली होती, तिला रोज ताजा हार असे. सभेला येणारे पुढारी आधी तिथे थांबत, त्याच्या आईच्या पाया पडत. आईला त्या बाईचं वाईट वाटे. बाजारातून येताना ती तिच्याकडे जाऊन बसत असे, निवडायला भाजी घेऊन.

वैशाखात भावाच्या बोटीवरचा एक जण आला. रत्नागिरीकडचा मुसलमान, भावापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. बूट बाहेर काढून आत आला, बसा म्हटलं तरी बसला नाही. मी त्याचा चेहरा बघितला आणि कळलं. असे चेहरे घेऊन माणसं कशी उभी राहतात ते मला पाठ आहे. मी स्वतः तशी उभी राहते. बोटीच्या पोटातला माल बघायला उतरताना शिडीवरून पडला. डोक्याला लागलं. एक दिवस शुद्धीवर नव्हता, दुसऱ्या दिवशी गेला. किनारा लांब होता. कॅनव्हासात शिवून, पायांशी लोखंड बांधून समुद्रात सोडला. कप्तानानं वाचायचं ते वाचलं.

"मी पण माझं म्हटलं, मावशी," तो म्हणाला. "चालत असेल तर."

आईनं मान हलवली. मग म्हणाली, "पाणी थंड होता काय?"

"नाही मावशी. गरम दर्या. सिंगापूरच्या अलीकडे."

तिनं त्याला चहा केला. त्यानं तो उभ्यानंच प्यायला. जाताना गॅलरीत थांबून झाडाकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "हेच का ते? वाट्याला येणाऱ्या तांब्याभर गोड्या पाण्यातनं वाटीभर याला द्यायचा. सारंग, आमचा मुकादम, शिव्या घालायचा."

बाप तर आधीच गेला होता, गिरणीतच. क्रिया करायला गावाहून चुलतभाऊ आला. भटजी म्हणाले, देह नसेल तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात. आम्ही वाळकेश्वरला बाणगंगेवर गेलो. भटजी पानं मांडायला लागले तशी आई पुढे सरकली. पदराच्या गाठीतून तिनं मेपलची पाच-सहा पानं काढली.

"ही घातली तर चलतीत? तेणा हाडलेल्या झाडाची आसत."

भटजी चांगले होते. त्यांनी पानं हातात घेऊन पाहिली. "आजी, पळसच लागतो. शास्त्रात दुसरं नाही."

"माझो झील पळसाचो नव्हतो," आई म्हणाली, आणि पानं परत गाठीत बांधली. पुतळा जळेपर्यंत ती पाठ करून तळ्याच्या पायऱ्यांवर बसली होती. घरी परतताना ट्राममध्ये एकदाच बोलली. "समोरच्या तिच्या झिलाक रोज हार घालतत. मी म्हणनंय नाय, घालू नको. तो पन लहान. पन माझ्याक खंय घालतले? दर्यात?"

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर गेले. लोकांना ते कठोर वाटलं असेल. पण घरात दोघींपैकी एकीला तरी पगार आणायचा होता, आणि वॉर्डात गेलं की निदान हातांना काम असतं.

आईचे हात मात्र झाडाला लागले. पूर्वी ती सकाळी एकदा पाणी घाली. आता दिवसातून कितीदा तरी माती बोटानं चाचपून बघे. दुपारचा पडदा उन्हाबरोबर सरकवत राही. मी तिला सांगितलेलं ती माझ्यापेक्षा काटेकोर पाळत होती. पावसात डबा आत घेऊन झोपे. ठाकूरद्वारच्या बाईंनी सांगितलेलं दोन वर्षांचं मी तेव्हा तरी सांगावं असं मनात यायचं, आणि मी सांगत नसे. रोग्याच्या घरच्यांना सगळं एकदम सांगायचं नसतं, त्यांच्या हाताला काम असेल तोवर तर नाहीच.

नारळी पौर्णिमेला आई काकींबरोबर गिरगाव चौपाटीवर गेली. गावी असताना नारळ सोडायची, इथे आल्यावर ते राहून गेलं होतं. त्या वर्षी म्हणाली, जाते. मला बरं वाटलं. बाहेर तरी पडली. परतली तेव्हा मी दिवसपाळीवर होते. रात्रीच्या जेवणात ओल्या खोबऱ्याची आणि गुळाची वडी होती, एवढंच मला कळलं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी रात्रपाळी करून आले तर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत गर्दी. मी जिन्यावरूनच दचकले. गर्दी म्हटली की मला वाईटच सुचतं. पण काकी हसत होत्या. आई मध्ये उभी होती, नवं पातळ नेसून.

"ताय, बघ," ती म्हणाली. मला 'ताय' भाऊ म्हणायचा, ती नव्हे. "लाल झाला बघ."

झाड लाल झालं होतं. खोटं सांगत नाही, सगळं. वरच्या टोकांची पानं पिकल्या मिरचीसारखी, खालची किंचित जांभळट. सकाळचं ऊन पलीकडून येत होतं आणि पानांतून आरपार दिसत होतं. भाऊ रस्तेच्या रस्ते म्हणाला होता, आमच्या वाट्याला हातभर आलं. लोक वाकून बघत होते. कुणीतरी म्हणालं, कुंकवाचं झाड आहे. भांग म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

पण तो भाद्रपदाचा उकाडा होता. थंडीचा मागमूस नव्हता. मी जवळ जाऊन एक पान उलटं केलं. कडा पुठ्ठ्यासारख्या कडक झाल्या होत्या. डब्याच्या काठावर पांढरट पापुद्रा धरला होता. लोक पांगेपर्यंत मी थांबले. मग मातीचा कण उचलून जिभेवर ठेवला.

खारट. नुसती खारट नव्हे, तोंड वाकडं व्हावं अशी.

"आये, ह्यात काय घातलंस?"

ती लपवणारी बाई नव्हती. "दर्याचा पाणी. चौपाटीसून तांबयो भरून हाडलंय. पयल्यांदा पुनवेक. मगे काकींचो झील थंय जाय, तेका सांगी."

"मीठ घालू नको म्हटलेलं ना तुला?"

"मीठ नाय घातलंय मी." ती शांतपणे म्हणाली. "तो त्या पाण्यात आसा. सिंगापूरचो दर्यो नि हयलो दर्यो एकच ना? तेका घरात हाडूचा होता. झाड तेचा, पाणी तेचा. आनि बघ, लाल झाला. तेका दाखवचा होता, दाखवलंय."

मी मोरीतून बादली भरून आणली. उपाय सोपा होता: डब्यातून गोडं पाणी सोडत राहायचं, खालच्या भोकांतून मीठ धुऊन निघेपर्यंत. नळ जायला अजून वेळ होता. झाड वाचलंच असतं असं मी म्हणत नाही. त्याचे दिवस तसेही भरत आले होते. पण मुळं जळताहेत हे कळल्यावर हात बांधून बसायची मला सवय नाही. मी बादली उचलली.

आईनं माझं मनगट धरलं. तिची पकड कधीच एवढी घट्ट नव्हती.

"धुव नको गो तेका."

मी तिला सांगू शकले असते. लाल का झालंय, किती दिवस राहील, मग काय होईल, सगळं मला नीट सांगता आलं असतं. रोजचंच काम होतं माझं. तिच्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, तिला यातलं बरंच ठाऊक आहे. माडांच्या बागेत वाढलेली बाई, करपलेलं पान तिला ओळखता येणार नव्हतं?

"चांगला लाल झाला, आये," मी म्हटलं.

तिनं मनगट सोडलं. त्या संध्याकाळी ती समोरच्या चाळीत गेली आणि त्या मुलाच्या आईला हाताला धरून आमचे तीन जिने चढवून घेऊन आली. दोघी डब्यापुढे पाटावर बसल्या. नाक्यावरच्या हारांतला एक त्या बाईंनी येताना ओंजळीत आणला होता. तो त्यांनी डब्याच्या काठाला अडकवला.

पानं गणपती जाईपर्यंत टिकली. मग एका दिवसात सगळी गळाली. आईनं ती गोळा करून ठेवली आणि चौपाटीवर जाऊन सोडून आली. काटकी तशीच उभी राहिली. पुढे आपलं मराठी राज्य झालं, चाळीवर रोषणाई झाली, पोरांनी डब्यातल्या काटकीलाही एक कागदी झेंडा बांधला; तो पावसापर्यंत होता.

झाड लाल झालं त्या सकाळी भरलेलं पाणी मी वाया घालवलं नाही. बादली परत मोरीत नेली आणि त्यात रात्रीचा युनिफॉर्म धुतला.